कोंड्याचा खोकला

लीलाबाईंच्या डाव्या हातावर टीबीच्या चाचणीची सुई टोचली होती; तिथली सूज दोन दिवसांत रुपयाएवढी होऊन आली होती. भोवतालची लाली तपासायला आलेल्या अल्काने सोडून दिली. मोजायचा तो फक्त टणक भाग. तिने बॉलपेन कातडीवरून हलके सरकवले, अडले तिथे रेघ मारली. दुसऱ्या बाजूनेही तसेच. मधले अंतर सोळा मिलिमीटर भरले.

"म्हंजे मलेबी टीबी झाला का?" लीलाबाईंनी विचारले. त्यांचा नवरा हिरालाल राइस मिलमध्ये हमाल होता. महिन्यापूर्वी त्याच्या बेडक्यात जंतू सापडले होते.

"नाही, मावशी. जंतू शिरलेत, पण रक्तातल्या पेशींनी त्यांना वेढून ठेवलंय. बहुतेकांना जन्मभर काही होत नाही."

हा वेढा कुणाचा फुटणार, हे रक्तावरून आधीच कळेल का, याचा शोध जगभर चालू होता. अल्का ज्या अभ्यासासाठी गावोगाव रक्ताचे नमुने घेत फिरायची, तोही त्यातलाच. खात्रीचे उत्तर अजून कुणापाशी नव्हते.

"पण कुणाचा वेढा फुटेल ते सांगता येत नाही, म्हणून खोकला नसतानाच गोळ्या..." अल्काचे पुढचे शब्द ढासेत बुडाले. मास्कआड ती बराच वेळ खोकत राहिली.

"वा! खोकलून राहिली तू, अन् गोळ्या खाऊ मी?" लीलाबाई हसल्या.

"मिलचा कोंडा उडतो ना सगळीकडे. घशात जातो."

लीलाबाईंचे हसू मावळले. "आमचा बुढाबी हेच म्हने. दोन महिने कोंडाच सांगत होता."

अल्काने सामान आवरले. प्रशिक्षणात सगळ्यांनी एकमेकांना सुई टोचली, तेव्हा तिचीही सूज मोठी आली होती. 'इथे कुणाला येत नाही?' म्हणत सगळे हसले होते, तीही. आता खोकल्याचा चौथा आठवडा चालू होता. संध्याकाळी अंग तापायचे. उद्या तपासू म्हणत तिने रोज दिवस ढकलला. कळले तर सासू बाळाला अल्काजवळ येऊ देणार नाही, ही धास्ती. आणि आज पहाटे दूध पिता पिता सात महिन्यांची पोर दोनदा खोकली होती.

बाहेर नमुने पोचवणारा रत्नपाल मोटारसायकलवरच्या पेटीत बेडक्याच्या डब्या लावत होता.

"झालं का, ताई? निघू?"

"थांबा, रत्नपालभाऊ. एक रिकामी डबी द्या. तिच्यावर माझं नाव लिहा."