परत आलेली पिशवी

सायलसने पिशवी स्वयंपाकघराच्या फरशीवर उपडी केली आणि गुडघे टेकून तो एकेक वस्तू बाजूला काढू लागला. फुटका कप. पावाचे रिकामे वेष्टन. तयार जेवणाची काळी ताटली. झिजलेला ब्रश. लोकरीचे गुंडे. दीड हातमोजा. पिशवी नियमाप्रमाणे पारदर्शक होती, वर सीगल पक्ष्यांनी फाडू नये म्हणून जुनं जाळंही अंथरलं होतं. तरी कचरागाडी ती पुन्हा फाटकापाशी सोडून गेली होती.

पिशवीवर केशरी चिठ्ठी होती. न नेण्याची कारणं तिच्यावर छापलेली असत आणि लागू असेल त्याच्यापुढे खूण. याही खेपेला खूण होती ती सगळ्यात खालच्या कारणापुढे. ‘इतर’.

“इतर म्हणजे काय रे बाबा?” तो ताटलीला म्हणाला.

फोन वाजला. अल्बर्टाहून मार्लीन.

“बाबा, आज तरी नेली का पिशवी?”

“नाही.”

“मी ॲप टाकून दिलंय ना फोनमध्ये? वस्तूचं नाव लिहायचं, ते सांगतं कुठे टाकायची. लहान मूलसुद्धा करेल.”

“मग एखादं लहान मूल पाठव.”

मार्लीन हसली नाही. “जूनमध्ये येते मी. मग घराचं काय ते बघू.”

घराचं बघू म्हणजे काय, हे सायलसला नीट ठाऊक होतं. घर विकायचं आणि मार्लीनच्या तळघरातल्या खोलीत जाऊन राहायचं, जिथून समुद्र विमानानेसुद्धा लांब. फेब्रुवारीत त्याच्या बायकोला, डल्सीला पुरून आल्यापासून पोरीने हेच धरून ठेवलं होतं. आता ज्याला स्वतःचा कचरा टाकता येत नाही, त्याने एकटं राहायच्या गोष्टी कोणत्या तोंडाने कराव्यात? आणि खरं सांगायचं तर तिचंच बरोबर असेल अशी भीती त्यालाही वाटू लागली होती. परवा त्याने किटली पाण्याशिवायच शेगडीवर ठेवली होती.

कचऱ्याचं खातं डल्सीचं. दह्याचा डबा विसळून, उन्हात वाळवून मगच ती टाकायची. तिच्या हयातीत एकही पिशवी परत आली नव्हती. ती कुठली वस्तू कुठे टाकते हे याने कधी पाहिलंच नाही. पन्नास वर्षं समुद्राचा तळ ओळखत आला, घरातल्या बादलीचा नाही.

ॲपचं ऐकून त्याची शोभा मात्र झाली होती. पहिल्यांदा पिशवी परत आली तेव्हा त्याने जाड्या बोटाने फोनवर ‘सुया’ असं लिहिलं. अर्धा हातमोजा तेव्हा अजून डल्सीच्या सुयांवरच होता. फोन म्हणाला, सुया कचऱ्यात टाकू नयेत, औषधांच्या दुकानात द्याव्यात. सायलसने त्या टाक्यांतून ओढून काढल्या आणि दुकानात नेऊन दिल्या.

“काका, टोचायच्या सुया घेतो आम्ही,” काउंटरवरची मुलगी म्हणाली. “या विणायच्या आहेत.”

“ते मलाही दिसतंय. पण फोन म्हणतो.”

तिने सुया कागदात गुंडाळून परत दिल्या. त्या आता चमच्यांच्या खणात होत्या, आणि सुटे टाके एकेक करून उसवत चालले होते.

त्याने पूर्ण झालेला हातमोजा उचलला. बोटीवर घालतात तसा, अंगठा आणि पहिलं बोट वेगळं, बाकी तिघांना मिळून एक खोळ. पण पहिलं बोट आखूड होतं. एक पेर कमी, आणि तिथेच नीट बंद केलेलं. अंधारात रेडिओ ऐकत विणणारी बाई ही! एप्रिलमध्ये तिची विणकामाची टोपली उघडली तेव्हा हे बोट पाहून तो समजून चुकला होता. आजार तिच्या डोक्यात शिरला होता आणि शेजारच्या खुर्चीवर बसून आपल्याला पत्ता नव्हता. हातमोजा घरात ठेववत नव्हता आणि कुणाला द्यावा तर बिचारीची चूक चारचौघांत दिसली असती. म्हणून तो कचऱ्यात.

पुढच्या सोमवारी कुंपणापलीकडून मेल्व्हिनाने हाक मारली. ही शेजारीण डल्सीची शाळेपासूनची मैत्रीण.

“सायलस, तुझ्या पिशवीची चर्चा आता देवळापर्यंत पोचलीय बघ.”

“फादरना म्हणावं, तुम्हीच सांगा काय चुकतंय.”

“अरे, घरटी एक काळी पिशवी चालते. आत काय आहे ते बघायचं नाही असा नियम आहे. लाजेच्या गोष्टी असतात माणसाच्या.”

“मला कसली लाज?”

“ती तुझी तुला माहीत. डल्सी सांगायची थोडंथोडं.” तिने काळी पिशवी कुंपणावरून त्याच्या अंगावर टाकली.

मंगळवारी सकाळी धुकं होतं आणि मे महिना असूनही वारा बोचत होता. काळी पिशवी जाळ्याखाली ठेवून सायलस फाटकातच उभा राहिला. आज चिठ्ठी लावणाऱ्याचं तोंडच बघायचं होतं.

गाडी आली. मागच्या पायरीवरून गस उतरला. पन्नाशीचा, मुखदुर्बळ माणूस, आधी मासळीच्या कारखान्यात होता. त्याने जाळं बाजूला केलं, पिशवी उचलली, गाडीपर्यंत नेली आणि तिथेच थांबला.

“सायलसकाका, काळी कशी काय?”

“चालते ना?”

“चालते.” गसने पिशवी बाहेरून चाचपली. मग खाली ठेवली. “काका, यात तो हातमोजा आहे का?”

“कुठला?”

गसने उजवा हात पुढे केला. त्याच्या हातात जुने, विटलेले हातमोजे होते. उजव्याच्या पहिल्या बोटाचं रिकामं टोक दुमडून वर चिकटपट्टी गुंडाळली होती. त्याने तो हातमोजा काढला.

सायलस त्या बोटाकडे बघत राहिला. एक पेर कमी, वरून नीट बंद झालेलं.

“काकूंनी शरदात इथेच फाटकाशी लोकरीने माप घेतलं होतं,” गस म्हणाला. “रिकामं टोक यंत्रात अडकेल म्हणाल्या. मग त्या आजारी पडल्या. तुम्हाला काय म्हणून विचारणार मी? आणि गाडीत टाकायला हात होईना. म्हणून आपलं... इतर.”

गाडीच्या चालकाने भोंगा वाजवला. सायलसने खाली बसून काळ्या पिशवीची गाठ सोडायला घेतली. सुटेना, तेव्हा दातांनी फाडली. गसने हातमोजा पँटला झटकून हातात चढवला आणि मूठ उघडून मिटून पाहिली. कुठे सुरकुती नव्हती, कुठे ताण नव्हता.

“डावा आहे अर्धा,” सायलस म्हणाला. “सुया मी काढल्या. फोनचं ऐकून.”

“राहू द्या, काका. डाव्या हाताची बोटं पुरी आहेत माझी.”

“राहू द्या कसं? तिने दोन्ही करायचे म्हणून घेतले होते.”

त्याने अर्धा हातमोजा आणि लोकरीचे गुंडे काढून घेतले. उरलेली पिशवी गाडीत गेली.

दुपारी मार्लीनचा फोन आला तेव्हा सायलस खिडकीशी चष्मा लावून बसला होता. चमच्यांच्या खणातल्या सुया मांडीवर होत्या. आयुष्यभर त्याने कॉड माशांसाठी जाळी विणली होती. इथे भोकं बारीक होती, पण सुटलेली गाठ कुठून धरायची हे हातांना कळत होतं.

“नेली?” मार्लीनने विचारलं.

“नेली.”

“बघा! मग शेवटी काय चुकलं होतं?”

सायलसने एक टाका सुईवर घेतला, मग त्याच्या शेजारचा.

“कुणाचंच काही चुकलं नव्हतं,” तो म्हणाला. “आता बोलू नकोस. टाके मोजतोय.”