चटईखाली

"हात सोडा माझा! सोडा म्हणतो ना!"

मलाकीच्या उजव्या हाताला दोन चुलते लोंबकळत होते आणि त्या हातात कोयता होता. अजून नीट उजाडलं नव्हतं. समुद्राकडून राखेसारखा उजेड येत होता, आणि घरापुढच्या पांढऱ्या खडीवर शेजारगावची माणसं येऊन बसली होती. पुढे एक चटई, बारीक विणीची, जुनी, काठाला लाल पिसं लावलेली. तिच्याखाली दोन उंचवटे. मागे त्यांचं सगळं कूळ, बाया-बापे, मांडी घालून, माना खाली. आणि चटईपुढे त्यांनीच वाहून आणलेला ढीग: जळाऊ लाकडं, केळीची पानं, भट्टीचे काळे दगड. आम्ही तुमच्या हवाली आहोत, आम्हाला भाजून खा. खायचं नसेल तर चटई उचला. एवढाच त्या ढिगाचा अर्थ, आणि तो सामोआत शेंबड्या पोरालाही कळतो.

इफोंगा म्हणतात ह्या माफी मागण्याला.

"सोडा त्याला," घरातून फेतुआओचा आवाज आला. "कापू दे. माझ्या लेकराला कापलं तेव्हा कुणी धरला होता हात?"

चुलत्यांनी हात सोडला नाही, पण पकड सैल झाली. फेतुआओपुढे ताठ उभं राहणं त्यांना जन्मात जमलं नव्हतं. नवरा गेल्यावर कुळप्रमुखाची पदवी तिनं स्वतःकडे घेतली, तेव्हा हेच दोघं पानात तोंड घालून जेवत बसले होते. आता ती चटई उचलायचा हक्क एकट्या फेतुआओचा. ती उचलेपर्यंत खालच्या माणसांनी हलायचं नाही, बोलायचं नाही, आणि वरून जे पडेल ते सोसायचं.

पेनिना खांबाला टेकून उभी होती. फेतुआओची थोरली लेक. भिंती नसलेल्या घरात आडोसा कसला, सगळं समोरच होतं.

भांडण किलिकिटीचं. गावागावांत खेळतात ते सामोआचं क्रिकेट, ज्यात पंच, पंचाचा मेव्हणा आणि निम्मं गाव मैदानात उतरतं. शेजारगावचा सेतू बाद झाला, म्हणाला झालोच नाही. पेनिनाचा धाकटा भाऊ लाफाएले हसला आणि सेतूच्या आईवरून काहीतरी बोलला. मोठं काही नाही, पोरं बोलतात तसलंच. सेतू बॅट टाकून निघून गेला. सगळ्यांना वाटलं, रुसून घरी गेला. तो कोयता आणायला गेला होता.

सेतूला पोलिसांनी नेलं. लाफाएले आपियाच्या इस्पितळात बर्फात पडला होता.

आणि पेनिना? लोक खोबरं विकतात, मासे विकतात. पेनिनाला पगार मिळत होता तो माणसं माणसांना का मारतात हे शिकवण्याचा. आपियाच्या विद्यापीठात तिचा वर्ग भरे. गोऱ्यांच्या देशात जाऊन ती ते शिकून आली होती. तुरुंगात जायची, खुन्यांपुढे टेबलाशी बसायची, यंत्रावर त्यांचं बोलणं घ्यायची आणि दुपारी तेच कानाला लावून अळूचा कंद खायची. सुरुवातीला घास अडायचा. मग अडायचा बंद झाला. कधी, ते तिचं तिलाही आठवत नव्हतं. गावात कुणी विचारलं, "तुझी लेक काय करते गं?" तर फेतुआओ मान वर करून सांगायची, "शिकवते!" काय शिकवते हे सांगत नसे.

काल इस्पितळात त्या दोघींना आत नेलं. चादर बाजूला झाली. फेतुआओनं हंबरडा फोडला. पेनिनानं भावाचा हात उचलला, तळवा उजेडाकडे वळवला, मग दुसरा, मग कोपराखालचा भाग पाहिला. आणि वर्गात बोलतात त्या आवाजात म्हणाली, "हे वार अडवताना झालेत. समोरून आला तो. बराच वेळ अडवलंय ह्यानं."

फेतुआओनं फिरून तिच्या तोंडात मारली. तिथल्या परिचारिकेनं भिंतीकडे तोंड केलं.

"भाऊ आहे तुझा तो, की धडा आहे? हं? तोंड उघड!"

पेनिनाच्या डोळ्यांत पाणीसुद्धा नव्हतं. घरी येताना आख्ख्या वाटेत ती एकच गोष्ट करत होती, रडू येतंय का ते बघत होती. गाल तेवढा दुखत होता.

आता अंगणात मलाकीनं हिसडा देऊन हात सोडवला.

"ताई, तू बघू नकोस. आत जा," तो पेनिनाला म्हणाला. मलाकी म्हणजे तिसऱ्या, धाकट्या चुलत्याचा मुलगा. लाफाएलेबरोबर एका ताटात जेवला, एका लुंगीत वाढला. "हा म्हातारा फालेतो आहे चटईखाली. त्याच्या नातवानं केलं, तो भरेल."

"बघू दे की," फेतुआओ पायरीवर येऊन उभी राहिली. केस सुटलेले, लुंगी कालचीच. "तिला सवय आहे बघायची. बघेल आणि लिहून घेईल. अगं, यंत्र आणलंस का तुझं? विचार जा त्यांना, चटईखाली कसं वाटतंय म्हणून! तेच विचारतेस ना लोकांना?"

खरंच, इफोंगात बसून आलेल्यांनाही ती तेच विचारत होती. गेली कित्येक वर्षं.

पेनिना पायऱ्या उतरली. खडी अनवाणी पायांना टोचली. ती चटईपुढच्या ढिगापाशी गेली, वाकली, भट्टीचा एक काळा दगड उचलला. त्यांचाच दगड. डावीकडचा उंचवटा ताठ होता, तो फालेतो असणार असं तिनं धरलं आणि सगळ्या अंगानिशी दगड फेकला.

आवाज ओल्या नारळावर काठी बसावी तसा झाला. उंचवटा कलला, परत सरळ झाला. हुं की चूं नाही.

आणि पेनिनाला बरं वाटलं. फार बरं वाटलं. छातीत इतक्या वर्षांनी काहीतरी हललं, गरम झालं. "घे," ती ओरडली. "घे, घे!" तो आवाज वर्गातला नव्हता.

मग काय, वाट मोकळी झाली. कुळाची थोरली बहीण हात उचलते म्हटल्यावर अंगणात जमलेले चुलतभाऊ कशाला थांबतात? ढिगातले दगड उडायला लागले. मागच्या रांगेतल्या एका म्हाताऱ्याच्या कपाळावर बसला, तो आडवा झाला, हाताने खडी चाचपत पुन्हा उठून बसला आणि मान खाली घातली. एका पोराचा दात पडला. त्यानं तो ओंजळीत धरून ठेवला. कुणी पळालं नाही, कुणी हात वर केला नाही. नुसता दगडांचा आवाज आणि इकडच्यांच्या शिव्या. त्यांचा तो मुकेपणा बघून पोरं आणखीच पिसाळली.

चटईवर, पिसांच्या वरच्या अंगाला, एक लाल ठिपका आला. रुपयाएवढा. मग बशीएवढा.

"बाजूला व्हा सगळे," मलाकी म्हणाला. त्याचा आवाज एकदम शांत झाला होता. कोयता त्यानं दोन्ही हातांत धरला.

हा शांत आवाज पेनिनाच्या ओळखीचा होता. टेबलापलीकडून तिनं तो किती वेळा ऐकला होता! ज्यांनी मारलं ते तर बोलायचेच. पण त्यांच्या मागे एखादा असायचा, तो मान खाली घालून म्हणायचा, मी काही केलं नाही बाई, मी फक्त पहिला दगड मारला. त्याच्याकडे ती थंड नजरेने बघायची. पुढच्या साली मलाकी त्या खुर्चीत बसलेला तिला दिसला. आणि त्याच्या मागे कोण उभं असेल, तेही दिसलं.

"मलाकी!"

त्यानं वळूनही पाहिलं नाही.

पेनिना धावली. पण त्याच्याकडे नाही. ती चटईकडे धावली, गुडघ्यांवर पडली, लाल पिसांचा काठ उचलला आणि आत शिरली.

अंगणात कुणीतरी "अरे देवा" म्हणालं. असं कुणी पाहिलंच नव्हतं. मेलेल्याची बहीण मारणाऱ्याच्या चटईखाली! चटईखाली गुन्हेगाराचं कूळ बसतं. मेलेल्याचं कूळ बाहेर उभं राहतं, आणि मधे कुणी नसतं. शिवाय बहीण म्हणजे बहीण. सख्खी असो, चुलत असो, तिच्या ताटाला पाय लागला तरी भाऊ घाबरतो. आता मलाकीनं कोयता मारायचा तो कुठल्या उंचवट्यावर?

आत पिवळट अंधार होता. केवड्याच्या सुक्या पानांचा, खोबरेलाचा, घामाचा आणि रक्ताचा वास. उजवीकडे म्हातारा फालेतो, डोळे गच्च मिटलेले. आणि डावीकडे, जिथे दगड बसला होता, तिथे एक बाई. कानामागे तळवा दाबून धरलेली. बोटांमधून रक्त कोपरापर्यंत आलेलं. सोसे. सेतूची आई.

"कोण गं तू?" सोसेनं कुजबुजत विचारलं.

"पेनिना. लाफाएलेची बहीण."

"बाहेर जा पोरी," फालेतो डोळे न उघडता म्हणाला. "चुकीच्या बाजूला आलीस. ही आमची जागा."

"दगड मी मारला."

"ठाऊक आहे," सोसे म्हणाली. "पुरुषाचा असता तर आत्ता बोलत नसते मी." आणि वर म्हणाली, "नेम बरा आहे तुझा."

"मला वाटलं, इथे फालेतो बसलेत."

"हे मला आणतच नव्हते. म्हणे चटईखाली पदवीवाल्यानं बसायचं, बाईचं काय काम. मी म्हटलं, पोटातून मी काढला त्याला. तुम्ही काढलात का?"

"गप्प बसा दोघी," फालेतो पुटपुटला. "इफोंगात बोलत नसतात. काय रीत आहे की नाही!"

बाहेर मलाकी ओरडत होता. "ताई, बाहेर ये! तुला माझी शप्पथ आहे, बाहेर ये!" मग लाकडावर कोयता बसल्याचा आवाज. पुन्हा. पुन्हा. ढिगातली लाकडं तो तोडत होता, ढलप्या चटईवर येऊन पडत होत्या. मग काचा फुटल्या, चटईवाले ज्या गाडीतून आले होते तिच्या. मग तो आवाजही थांबला, आणि कुणी बाप्या हुंदके देत होता ते ऐकू आलं. मलाकीच असणार.

पेनिनानं लुंगीचा सोगा दातांनी फाडला, घडी करून सोसेच्या कानामागे दाबून धरला. सोसेनं तिला धरू दिलं. ऊन चढलं. चटई तापली. पेनिनाचे गुडघे खडीत रुतले होते. इतक्या जणांना विचारलं होतं तिनं, चटईखाली काय होतं म्हणून. लाज वाटली म्हणायचे, भीती वाटली म्हणायचे. गुडघ्यांचं कुणी बोललं नव्हतं. आणि शेजारच्या माणसाचा श्वास आपल्या श्वासात मिसळतो, हेही.

चटईच्या बाहेर, अगदी जवळ, खडी करकरली. कुणीतरी येऊन जमिनीवर बसलं. जडपणे, हात टेकून. फेतुआओ. आईच्या बसण्याचा आवाज पेनिनाला ओळखता येत होता.

आतून सोसेला ते कळलं नाही. तिनं पेनिनाच्या मनगटाला धरलं.

"एक विचारू? तू मोठी शिकलेली आहेस म्हणतात. असली माणसं तू बघतेस." तिनं मनगट जवळ ओढलं. "त्याला... तुझ्या भावाला... फार वेळ लागला का गं?"

पेनिनाला ते दोन्ही तळवे दिसले. कोपराखालचे वार दिसले. कितवा वार कुठे लागला असेल, कुठल्या वाराला हात खाली आला असेल, हे तिला लिहिता आलं असतं. तिच्याइतकं अख्ख्या बेटावर कुणाला आलं नसतं.

"नाही," ती म्हणाली. "लगेच गेला. त्याला कळलंसुद्धा नाही."

"खरं?"

"खरं. मी बघितलंय ना."

आणि मग ते आलं. पोटातून आलं, आवाजासकट आलं, नाकातोंडातून आलं. पेनिना सेतूच्या आईच्या खांद्यात तोंड खुपसून लहान पोरीसारखी रडायला लागली, "लाफा, लाफा" करत. सोसे एका हाताने स्वतःचं रक्त धरून दुसऱ्या हाताने तिची पाठ चोळत होती. फालेतोनं या खेपेला गप्प बसा म्हटलं नाही.

बाहेर खडी पुन्हा करकरली.

चटई उचलली गेली. उजेड एकदम अंगावर पडला, तिघांनीही डोळे मिटले. फेतुआओ उभी होती. तिनं फालेतोकडे पाहिलं. सोसेच्या मानेवरच्या सुकलेल्या ओघळाकडे पाहिलं. माफ केलं म्हणाली नाही, बसा म्हणाली नाही. सोसेला एवढंच विचारलं, "कान ऐकू येतोय का?"

"येतोय."

"मग घरात चला. डोकं धुवा आधी."

फालेतोला उठता येईना. दोन चुलते पुढे झाले, त्यांनी त्याला काखेत धरून उभा केला. मलाकी फुटलेल्या काचांमध्ये बसला होता, त्याच्याशेजारी पाहुण्यांमधला दात पडलेला पोरगा उभा राहिला होता आणि दोघंही एकमेकांकडे बघत नव्हते.

अंगणात चटई राहिली. अशी चटई पडू देत नाहीत. फेतुआओनं एक टोक उचललं आणि वाट बघत राहिली. पेनिनानं दुसरं उचललं. दोघींनी ती ताणली, झटकली. लाकडाच्या ढलप्या खडीवर पडल्या. पहिली घडी घालायला दोघी जवळ आल्या, मग मागे गेल्या. फेतुआओनं मनगट वळवलं, डागाची बाजू आत घेतली. पुन्हा जवळ आल्या. आईच्या नखांत खडीची पांढरी धूळ भरली होती.

पेनिनाच्या हातातला काठ वाकडा होत होता.

"टोक सरळ धर," फेतुआओ म्हणाली.

तिनं धरलं.