नऊ मिलिमीटरची चूक

मित्रांनो, मी एक जुनी पोलादी मोजपट्टी आहे, आणि आधीच सांगते, माझ्यावर डोळे मिटून विश्वास ठेवू नका. माझा प्रत्येक सेंटीमीटर खऱ्यापेक्षा किंचित मोठा आहे. मला मुद्दामच तसं घडवलंय. वितळलेलं पोलाद साच्यात थंड होताना शंभराला दोन आकसतं, म्हणून साच्यासाठी करायचा लाकडी नमुना तेवढा मोठा ठेवावा लागतो. माझ्यावर मोजलं की ते आपोआप साधतं.

असे नमुने करणाऱ्या मिस्त्रींनी तीस वर्षं मला हाताशी ठेवलं. हिच्यावाचून माझं पान हलत नाही, असं ते चारचौघांत सांगत. पुढे कारखान्यात कॉम्प्युटर आला, वाढीव माप तोच धरू लागला, मिस्त्री निवृत्त झाले आणि मी घरी कपाटामागे, झाडूच्या शेजारी येऊन पडले. मी कशासाठी आहे हे सांगणारी अक्षरं तर केव्हाच झिजून गेली होती.

मिस्त्रींची लेक कॉम्प्युटरवर वस्तूंची डिझाइन करते. यंदा तिच्या आईचं खुब्याचं हाड मोडलं. वॉकर आला, पण दोन्ही हात त्यातच अडकल्यावर चहाचा कप न्यायचा कसा? दर कपासाठी कुणाला तरी हाक मारायची, हे आईला दुखण्यापेक्षा जास्त लागलं. तेव्हा लेकीनं वॉकरवर बसणारा ट्रे करायचं ठरवलं.

माप घेणं माझं काम, असं म्हणत मिस्त्रींनी मला बाहेर काढलं. किती बरं वाटलं म्हणून सांगू! वॉकरच्या दोन नळ्यांमधलं अंतर मोजून त्यांनी आकडा सांगितला, चारशे एक्केचाळीस मिलिमीटर. लेकीनं स्क्रीनवर ट्रे उभा केला आणि सगळ्या बाजूंनी फिरवून आईला दाखवला. कागदावरचे नकाशे आईला कधी उमगले नव्हते, हे मात्र लगेच उमगलं. कड उंच कर, नाहीतर कप घसरेल, असं तिनं सुचवलं आणि लेकीनं तिथल्या तिथे कड उंच केली. दुसऱ्या दिवशी त्याच चित्रावरून यंत्रानं प्लायवूड कापून दिलं.

ट्रे काही बसेना. नऊ मिलिमीटर कमी पडत होते. मिस्त्रींनी कॉम्प्युटरला नावं ठेवली, लेकीनं यंत्र पुन्हा पुन्हा तपासलं.

"नाचता येईना, अंगण वाकडं," आई म्हणाली. "आता माझ्या वॉकरला दोष देऊ नका म्हणजे झालं."

तेवढ्यात मिस्त्रींची नजर माझ्यावर गेली आणि चूक कुठे झाली ते त्यांच्या ध्यानात आलं. तीस वर्षांत माझं वाढीव माप त्यांच्या इतकं अंगवळणी पडलं होतं, की ते वाढीव आहे हेच ते विसरले होते.

"ही ओतकामाची पट्टी," ते लेकीला म्हणाले. "चूक माझी. आता मापालासुद्धा मी उपयोगाचा नाही."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. लेकीनं मात्र मला उचलून खऱ्या पट्टीशेजारी ठेवलं आणि हसली.

"बाबा, चूकसुद्धा तुम्ही मापात केलीत. बरोब्बर दोन टक्के. मला फक्त एक आकडा बदलायचाय."

तिनं साडेचारशे लिहिलं आणि स्क्रीनवरचा अख्खा ट्रे त्याप्रमाणे रुंदावला. संध्याकाळी नवा ट्रे वॉकरवर टक्कन बसला.

आई एकटीच स्वयंपाकघरात गेली. परत येताना चहा थोडा हिंदकळला, पण उंच कडेनं कप जागचा हलू दिला नाही. तिनं तो मिस्त्रींसमोर ठेवला.

"घ्या," ती म्हणाली. "आज मी कुणालाही हाक मारली नाही."

चहा झाल्यावर मिस्त्रींनी अणकुचीदार खिळ्यानं माझ्यावर नवी अक्षरं कोरली: ओतकामासाठी, दोन टक्के वाढीव. मित्रांनो, आम्हा जुन्या वस्तूंना जरूर जपा, पण आम्ही कशासाठी आहोत तेही आमच्यावर लिहून ठेवा. आम्हाला तोंडानं सांगता येत नाही हो.