मधला पडदा

"उस्ताद, हा सूर या गिटारमध्ये नाहीच," अर्दशीर म्हणाला, आणि हातातली पेटी त्याने दुकानाच्या फरशीवर अशी ठेवली की माझे चहाचे पेले किणकिणले.

पेटी म्हणजे त्याच्या विजेच्या गिटारचा अ‍ॅम्प्लिफायर. हा पोरगा दिवसा टपाल कचेरीत शिक्के मारायचा आणि उरलेल्या वेळात तीन मित्रांबरोबर एका गॅरेजात गाणी बसवायचा. केस खांद्यापर्यंत, सदऱ्यावर एवढाली फुलं. तसल्या कापडाच्या मी रजईच्या खोळी शिवते. तेव्हा तेहरानमध्ये असे बरेच निघाले होते. त्यांची गाणी ऐकताना म्हणे माणूस जागेपणी स्वप्नात जातो.

"नाही म्हणजे काय?" माझ्या नवऱ्याने, नस्रुल्लांनी विचारलं.

"केरमानची अंगाई आहे, आमची आई म्हणायची ती. गिटारवर बसवली, तिला ऐकवली. म्हणाली, छान आहे रे, पण ही कुठल्या फिरंगी बाईची?"

मला हसू आलं. त्याच्या आईचं बरोबरच होतं. गिटारचे पडदे, म्हणजे दांडीवरच्या त्या आडव्या पट्ट्या, पोलादाचे, लाकडात कायमचे ठोकलेले. आमच्या अंगाईचा सूर नेमका दोन पडद्यांच्या मधे राहतो, आणि गिटार त्याच्यावरून टांग टाकून पुढे जाते. आमच्या सेतारीचं, त्या चार तारांच्या छोट्या वाद्याचं, तसं नसतं. तिचे पडदे आतड्याच्या तातीचे, दांडीला गाठ मारून बांधलेले. हवे तिथे सरकवावेत. माझा नवरा एकतीस वर्षं एवढंच काम करत होता. वाद्यं घडवायचे दुसरे, पडदे बांधायचे नस्रुल्ला. दुकानामागच्या अंगणात तात वळायची ती मी.

"तो मधला पडदा बांधून द्या. परवा रेकॉर्डिंग आहे."

नस्रुल्लांनी गिटारच्या दांडीवरून अंगठा फिरवला. "पोलादी तारा तात कापतील. दोन दिवसांच्या वर टिकायची नाही."

"मला दोनच दिवस हवेत, उस्ताद."

मी मधे पडले. "आणि फरहमंद साहेबांना कळलं म्हणजे?" फरहमंद साहेब रेडिओवर सेतार वाजवायचे. त्यांच्या शब्दावर निम्म्या शहराच्या सेतारी आमच्याकडे यायच्या. विजेच्या वाद्यांचं नाव काढलं तरी त्यांचं पित्त खवळायचं. अर्दशीर ओशाळून माझ्याकडे बघायला लागला. नस्रुल्लांनी मात्र उत्तर दिलं नाही. त्यांना मी बोललेलं ऐकूच आलं नव्हतं, मी त्यांच्या पाठीमागे होते ना.

आमचं गुपित हेच होतं. दोन वर्षांपासून त्यांचे कान जात होते. समोरच्या माणसाचे ओठ दिसले की निभायचं. पण सेतार हे फार हळू बोलणारं वाद्य, नखाने वाजवायचं. तिचा आवाज सर्वांत आधी गेला. पडदा काही फूटपट्टीने बांधत नाहीत, कानाने बांधतात, आणि प्रत्येक उस्तादाचा सूर केसभर वर नाहीतर खाली असतो. मग आम्ही युक्ती काढली. ते तार छेडायचे आणि तात सरकवायचे, मी चहाच्या सामोवारपाशी उभी राहून ऐकायची. भुवया उडवल्या की नाही, मान झुकवली की हो. तीस वर्षं तात वळता वळता माझा कान तयार झाला होता, हे तोवर मलाही ठाऊक नव्हतं. गिऱ्हाइकांना वाटायचं, म्हाताऱ्याची बायको चहाबरोबर मुरके मारते.

अर्दशीरने अंगाईची पहिली ओळ गुणगुणून दाखवली. मी मनात पक्की केली. त्याने पेटी लावली, गिटारची वायर जोडली. पायापाशी एक छोटी डबी होती, ती पायाने दाबली की आवाज फाटायचा आणि मग आडात हाक मारावी तसा पुन्हा पुन्हा परत यायचा. त्याने एकच तार छेडली. खिडकीच्या काचा थरथरल्या. समोरचा गालिचेवाला दारात येऊन उभा राहिला.

आणि नस्रुल्लांच्या हातातली तात खाली पडली.

ते उठले, पेटीजवळ गेले, फरशीवर मांडी घालून बसले. "पुन्हा," म्हणाले.

अर्दशीरने पुन्हा छेडली.

"अजून मोठा होतो?"

"होतो, पण उस्ताद, कान जातील."

"तू कर रे बाबा मोठा."

तो आवाज दुकानात भरला, अंगणात गेला, डाळिंबाच्या झाडावरच्या चिमण्या उडाल्या. नस्रुल्लांनी मागितली ती जाड तात मी आणून दिली. त्यांनी ती दांडीभोवती चारदा फिरवली, गाठ मारली आणि सरकवायला लागले. मी माझ्या जागेवर जाऊन उभी राहिले, भुवया तयार ठेवून. ते सरकवत होते, ऐकत होते, पुन्हा सरकवत होते. एकदा जास्त वर गेले, आणि मी भुवया उडवायच्या आत स्वतःच मागे आले. नंतर एका जागी थांबले. तिथेच होता तो सूर. त्या धुरकट आवाजाच्या आत केरमानची एक बाई मूल निजवत होती, आणि ते मूल हलकेच पाण्यावरून वाहत कुठेतरी चाललं होतं. अर्दशीर डोळे मिटून तीच ओळ वाजवत राहिला. त्याच्या गालांवर पाणी आलं होतं आणि ते पुसायला त्याचा हात मोकळा नव्हता.

दोन वर्षांत पहिल्यांदा नस्रुल्लांनी माझ्याकडे बघितलं नव्हतं. मला आनंद झाला. पण खोटं कशाला बोलू, थोडं लागलंही.

दुसऱ्या दिवशी फरहमंद साहेब आले. गुरुवारी रेडिओवर त्यांचा कार्यक्रम होता आणि सेतारीचे चार पडदे झिजले होते. मी चहा ठेवला. नवे पडदे बांधताना पहिल्या तिन्हींच्या वेळी नस्रुल्लांनी माझ्याकडे पाहिलं, मी मान झुकवली. चौथ्याला मी भुवया उडवल्या, पण ते बघेनात. सेतारीचा भोपळा त्यांनी कानाला लावला, तार छेडली, पुन्हा छेडली. मी खोकले. पदर सावरावा तशी अंगावरची चादर डोक्यावर ओढून पुढे आले. तरी बघेनात. मग त्यांनी सेतार अलगद खाली ठेवली.

"जनाब, मला ऐकू येत नाही," ते म्हणाले. "दोन वर्षं झाली."

फरहमंद साहेब हसले. "थट्टा करता, उस्ताद. मागच्या उन्हाळ्यात तुम्ही बांधलेत तसे पडदे मला जन्मात मिळाले नव्हते."

"ते तूबाने लावले. हात माझे, कान तिचा."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी चहाचं तबक घेऊन उभी.

"आज का सांगताय हे?" त्यांनी नस्रुल्लांना विचारलं.

"काल मी ऐकलं, जनाब. ऐकणं काय असतं ते पुन्हा आठवलं. आता ऐकल्याचं सोंग जमायचं नाही."

"चौथा पडदा केसभर खाली घ्या," मी म्हणाले. लपवायचं काही उरलंच नव्हतं. नस्रुल्लांनी माझ्या ओठांकडे बघून तात सरकवली. मी मान झुकवली. फरहमंद साहेबांनी स्वतः छेडून पाहिलं, बराच वेळ पाहिलं. मग सेतार कापडात गुंडाळली, उठले, छातीवर हात ठेवून आमच्याकडे आभार मानतात तसं म्हणाले, "तुमचे हात कधी दुखू नयेत." 'तुमचे' म्हणजे कोणाचे, ते मला कळलं नाही. चहा तसाच राहिला.

ते परत आले नाहीत. त्यांच्यामागून येणारेही थांबले. बहिऱ्याकडे कोण जाणार, आणि बाईच्या कानाला उस्ताद कसं म्हणणार? गुरुवारी रेडिओवर त्यांनी वाजवलं ते माझ्याच पडद्यांवर. मी भांडी घासता घासता ऐकलं. चौथा पडदा चोख होता. संतापाने मी रेडिओ बंद केला आणि पुन्हा लावला.

त्या रात्री मी भांडले. "तोंड मिटून बसला असता तर काय बिघडलं असतं?"

"तुझा कान माझ्या नावावर खपवत होतो, तूबा," ते म्हणाले. "ते काय कमी बिघडलेलं होतं?"

मी त्यांना जेवायला वाढलं.

हिवाळाभर दुकानात केसाळ पोरं येत राहिली. प्रत्येकाला मधला पडदा हवा. गालिचेवाला आमच्याशी बोलेनासा झाला. वसंतातल्या नवरोजच्या सुट्ट्या संपल्यावर एका शुक्रवारी दुपारी अर्दशीरने आम्हाला त्याच्या कार्यक्रमाला नेलं आणि पहिल्या रांगेत, पेट्यांच्या तोंडाशीच बसवलं. मी कानांत कापूस घातला. नस्रुल्लांनी भाचीच्या लग्नातला कोट घातला होता.

मागे एक पांढरी चादर टांगली होती. तिच्यावर तेलात शाई विरघळावी तसे रंग सरकत होते. निळ्यातून जांभळा, जांभळ्यातून केशरी. अंगाई सुरू झाली. ती फाटत गेली, लांबत गेली, परत आली. तो सूर आला तेव्हा हॉलमधलं कोणी हललं नाही. नस्रुल्लांच्या चेहऱ्यावरून रंग वाहत होते. त्यांचे डोळे मिटलेले होते, आणि मला ते एकदम तरुण दिसले. माझी आणि त्यांची पहिली ओळख झाली तेव्हा ते असेच डोळे मिटून पडदे बांधत बसले होते.

गाणं संपलं. टाळ्या थांबल्या. तेवढ्यात ते म्हणाले, बहिऱ्या माणसाला आपला आवाज मापता येत नाही त्या आवाजात, "तूबा, त्याची तिसरी तार उतरलीय."

सगळ्या हॉलला ऐकू गेलं. मागे कोणीतरी फिसकन हसलं. अर्दशीरने मात्र मान खाली घालून तिसरी खुंटी किंचित पिळली, तार छेडली आणि नस्रुल्लांकडे पाहिलं. नस्रुल्लांनी मान झुकवली.

मग बाकीच्यांनी वाद्यांवरचे हात काढून घेतले. अर्दशीरही गिटार बाजूला ठेवून माईकजवळ आला आणि नुसत्या गळ्याने तीच अंगाई गायला लागला, अगदी हळू, जवळ निजलेल्या कोणाला उठवायचं नसल्यासारखा. मी कानांतला कापूस काढला. नस्रुल्ला पुढे वाकले होते. माईकमुळे त्याचे ओठ त्यांना दिसत नव्हते.

"सुरू झालं का?" त्यांनी मला विचारलं.

मी हो म्हणाले. त्यांनी कोटाचं बटण लावलं, ताठ बसले आणि गाणं संपेपर्यंत हलले नाहीत.