कै. रघुनाथ यांचा डिटेक्टर

गौरवी पार्से गावची. म्हापशाच्या एका एजन्सीत ती फायर अलार्मचं काम करते. वायरी ओढणारे वेगळे. तिचं काम लॅपटॉपवरचं. पॅनेलला केबल जोडायची, छतावरच्या प्रत्येक डिटेक्टरचा नंबर सॉफ्टवेअरमध्ये शोधायचा आणि त्यापुढे जागेचं नाव भरायचं. धूर झाला की पॅनेलच्या पडद्यावर तेच नाव उमटतं.

डिचोलीकडच्या एका मंडळानं लग्नांसाठी नवा हॉल बांधला, तिथं ती गेली. 'स्वयंपाकघर', 'नवरीची खोली' अशी नावं ती भरत होती, तेवढ्यात अध्यक्ष गोकुळदास खुर्ची ओढून शेजारी बसले. खिशातून त्यांनी यादी काढली.

"बाय, ही नावं घाल."

यादीत अठ्ठावीस देणगीदार होते, त्यातले निम्मे कैलासवासी. हॉलमधल्या प्रत्येक पंख्यावर, बाकावर दात्याचं नाव रंगवलेलं होतंच. डिटेक्टर छताला, तिथं रंगवून वाचणार कोण?

"पण काका, आग कुठे लागली ते कसं कळणार?"

"कळतलं. रघुनाथबाबांचा डिटेक्टर कुठला, ते गावात कोणाक ठाऊक नाही?"

"आणि पाहुणे?"

"ते जेवतील. आगीसाठी कमिटी आहे."

गौरवीनं साहेबांना फोन केला. साहेब म्हणाले, गिऱ्हाईक सांगेल ते लिही. पडद्यावर इंग्रजी वीसच अक्षरं मावत होती. गावातल्या देणगीदार मालतीबाईंच्या सासऱ्यांचं आडनाव अर्धं कापलं गेलं, त्यावरून अर्धा तास वाद झाला. निघताना गौरवीनं कुठला डिटेक्टर कुठे आहे त्याचा तक्ता छापून पॅनेलशेजारी चिकटवला. दुसऱ्या दिवशी गोकुळदासांनी तो काढून तिथं उद्घाटनाचा फोटो लावला.

तिसऱ्या आठवड्यात एका लग्नात दुसरी पंगत बसलेली असताना अलार्म वाजला. वॉचमन आनंदा गडहिंग्लजकडचा, कामावर नवीन. तो पॅनेलकडे धावला. पडद्यावर इंग्रजीत 'लेट रघुनाथ' असं आलं होतं. त्यानं सरळ माइक हातात घेतला.

"रघुनाथ म्हणून कोण आहेत, त्यांना उशीर झालाय. लवकर यावं."

पंगतीतून दत्तप्रसाद उठला. हात खरकटा तसाच.

"ते माझे वडील. वारले त्यांना चार वर्षं झाली."

मग सगळ्यांच्या लक्षात आलं. पण रघुनाथबाबांचा डिटेक्टर कुठला, यावर गावाचं एकमत होईना. गोकुळदास म्हणाले, स्टेजवरचा. दत्तप्रसाद म्हणाला, दारावरचा, मी फोटो काढलेला. मालतीबाईंचं म्हणणं, दारावरचा आमच्या मामंजींचा. अलार्म वाजतच होता आणि वाढपी भात वाढतच होते.

शेवटी आनंदानंच पॅनेलवरचा नंबर पाहून गौरवीला फोन लावला. तिनं लॅपटॉप उघडून पाहिलं. "स्टेजमागची सामानाची खोली. पळा."

आनंदानं कडी तोडली. जुन्या पडद्यांच्या ढिगावर लोंबणाऱ्या वायरीतून ठिणगी पडली होती आणि पडदे धुमसत होते. त्यानं मेन स्विच पाडला आणि आग विझवायच्या सिलिंडरची पावडर मारली. चार पडदे जळाले, माणसांना काही झालं नाही. दत्तप्रसाद सोडला तर पंगतीतलं कोणी उठलंसुद्धा नव्हतं.

दुसऱ्या दिवशी गौरवी आली ती सरळ पॅनेलसमोर बसली. अठ्ठावीस नावं पुसली, अठ्ठावीस जागा भरल्या. गोकुळदास बाजूला उभे राहून पाहत होते. त्यांनी यादीसाठी खिशात हात घातला नाही.

एवढ्यात दत्तप्रसाद पेढे घेऊन आला. बाबांच्या डिटेक्टरनं हॉल वाचवला, असं त्यानं गावच्या ग्रुपवर टाकलं होतं. संध्याकाळपर्यंत बाकीच्या घरांतून विचारणा सुरू झाली.

"आमचा कधी वाजणार?" मालतीबाईंनी तोंडावर विचारलं. "की बिघडलेला दिलात?"

गौरवीनं पिशवीतून चाचणीच्या धुराचा स्प्रे काढला. सॉफ्टवेअरमध्ये चाचणी चालू केली, लांब काठीला स्प्रे लावून मामंजींच्या डिटेक्टरवर धूर मारला. भोंगा वाजला. मालतीबाईंनी हात जोडले, डोळे पुसले.

तेव्हापासून महिन्याच्या पहिल्या रविवारी तिथं सोहळा असतो. घरटी माणसं येतात, नारळ फुटतो, गौरवी एकेक डिटेक्टर वाजवून रिपोर्ट लिहिते. गोकुळदासांनी एकदा विचारलं, मोठ्या देणगीवाल्यांचा जरा जास्त वेळ वाजवता येईल का. ती नाही म्हणाली. एजन्सीच्या बाकी गिऱ्हाइकांकडे तीन तीन वर्षं कोणी चाचणी करून घेत नाही.