मुक्काम लालबाग

“‘तू कुठली?’ विचारलं, तर देवगड सांगितलं मी, बाबा. दुसरं काय सांगणार?” मेघना अजून मुलाखतीच्या खुशीत होती.

बेसमेंटच्या उतारावर गाड्यांना हात दाखवत उभा असलेला लवू परबही खूश झाला. लेकीची मुलाखत वरच्या मजल्यावर, बाप तळघरात पार्किंगवाला. पण बिल्डिंग तर एकच! आणि या बिल्डिंगच्या जागी जी गिरणी होती, तिच्या साचेखात्यात, मागांवर, लवूच्या वडिलांची उभी हयात गेली होती. टॉवरमधल्या बड्या वित्त कंपनीने यंदा जाहीर केलं होतं, की आसपासच्या वस्तीतल्या वीस मुलांना इथेच नोकरी देणार. मेघना बी.कॉम. झालेली, आणि ऑफिस चाळीपासून चालत जाण्याच्या अंतरावर. लवूच्या बायकोने, अंबिकाने तर ‘दुपारी जेवायला घरीच येशील ना?’ असं आधीच विचारून ठेवलं होतं.

“बरां केलंस,” लवू म्हणाला. “गाव इचारलो की गाव सांगूक व्हयो.”

गिरणगावात ही रीतच आहे. तीन पिढ्या लालबागच्या एका खोलीत काढलेला माणूसही ‘कुठले तुम्ही?’ म्हटलं की छाती फुगवून कोकणातल्या गावाचं नाव घेतो. त्या गावी त्याच्या वाट्याला सामाईक घराचा एक कोपरा आणि दोन-चार आंब्याची कलमं असतात, तीही चुलत्याच्या नावावर. मेघनाचा जन्म इथल्या केईएम हॉस्पिटलमधला. देवगड तिने पाहिलं ते गणपतीच्या सुट्टीत, आणि तिथलं विहिरीचं पाणी तिला दर खेपेला बाधायचं. पण गाव ते गावच.

पुढच्या आठवड्यात कंपनीचा मेल आला. निवड झाली होती. नेमणूक मात्र हैदराबादला.

काहीतरी घोळ झाला असणार, या खात्रीने लवूने संध्याकाळी मानसी मॅडमना गाडीपाशी गाठलं. नोकरभरतीचं काम त्यांच्याकडेच होतं.

“मॅडम, मेघना परब माझी मुलगी. चुकून तिला हैदराबाद दिलंय. ती लोकल आहे ना.”

मानसी मॅडम स्वभावाने चांगल्या. दार उघडं ठेवून त्या थांबल्या. “काका, मुलाखत मीच घेतली. तू कुठली, असं विचारलं, तर देवगडची म्हणाली. म्हणून बाहेरगावच्या मुलांमध्ये धरलं तिला.”

“पण पत्ता तर लालबागचा दिलाय!”

“पत्ता सगळेच इथला देतात हो. चार महिने भाड्याने राहिलेली मुलंसुद्धा. म्हणून तर तोंडी विचारतो.”

“जन्मापासून इथेच आहे, मॅडम ती. मी पण. माझे वडील याच जागेवर...”

“मग तिने देवगड का सांगितलं?”

गाव विचारलं की गाव सांगायचं, हे लवूनेच तर पोरीला शिकवलं होतं.

“आता बदलून नाही का मिळणार?” त्याने कसंबसं विचारलं.

“इथल्या जागा भरल्या, काका. इथलं भाडं कंपनीला झेपत नाही. बाकीच्या कंपन्यांच्या बरोबरीने टिकायचं, तर कामं बाहेर न्यावी लागतात. वीस जागा इथे राहिल्या, हेच खूप. मुलगी हुशार वाटली म्हणून मी हैदराबादला तरी बसवली. तुम्ही नाही म्हणालात, तर तीही जागा जाईल.”

बाई तुसडेपणाने बोलल्या असत्या तर बरं झालं असतं, निदान मनातल्या मनात शिव्या तरी घालता आल्या असत्या. मागून हॉर्न वाजला. लवू बाजूला झाला आणि सवयीने त्यांच्याच गाडीला वाट करून दिली.

घरी अंबिका रडली, भांडली. “नको ती नोकरी,” म्हणाली. लवूलाही तेच म्हणायचं होतं.

“बाबा, दोन वर्षं झाली घरी बसलेय,” मेघना म्हणाली. “अजून किती बसू? तुम्हीच सांगा ना.”

पुढच्या महिन्यात मेघना गेली. चाळीने पेढे खाल्ले, पोरगी मोठ्या कंपनीत लागली म्हणून लवूच्या पाठीवर थापा मारल्या. त्याने हसून सगळ्या झेलल्या.

मुलगी मोठी झाल्यापासून लवू बाहेर गॅलरीतच झोपायचा. दहा बाय बाराच्या खोलीत तिघं कुठे मावणार? मेघना गेली त्या रात्रीही जेवणं झाल्यावर तो वळकटी काखेत मारून निघाला.

“आता भायर कित्याक?” अंबिका म्हणाली. “भितर जागा आसा.”

लवू परत फिरला. तिने उंबऱ्याशी सतरंजी पसरली होती, तिच्याच शेजारी त्याने आपली वळकटी उलगडली. दोघं अंग चोरून तिथेच आडवी झाली. कपाटाजवळची मेघनाची जागा त्यांनी मोकळीच ठेवली.