सोयाबीन सांभाळणारा फ्रीज

मित्रांनो, मी एक जुना फ्रीज आहे, पण माझ्या पोटात दूध-भाजी कधी आली नाही. चंदीगडच्या एका प्रयोगशाळेत मी सोयाबीनचं बियाणं सांभाळतो. कारखान्यातून आलो तेव्हा पांढराशुभ्र होतो. डॉक्टर मनीषाताईंनी मला हळद-कुंकू लावलं, तेव्हा शिपाई हसला होता, "मॅडमजी, फ्रीज की पूजा?"

ताई मूळच्या वाशिमच्या. त्यांची मुलगी सलोनी सोयाबीनच्या दुधाला नाक मुरडायची. "मम्मा, इसमें से स्मेल आती है!" त्या कच्चट वासामागे ताई हात धुऊन लागल्या. वर्षानुवर्षं संकर करून त्यांनी बिनवासाच्या सोयाबीनचे निरनिराळे वाण तयार केले. पण सोयाबीनचं बी फार नाजूक. दमट उष्म्यात ते उगवेनासं होतं. म्हणून ते माझ्या हवाली झालं.

तेव्हापासून माझ्या जिवाला स्वस्थता नाही. मोटर थांबली की वाटे, आता गारवा ओसरेल. सुरू झाली की वाटे, आता वीज जाईल. पाहुणे आले की ताई कौतुकानं मला दाखवत. पुढे नवी यंत्रं आली आणि मी कोपऱ्यात सरकलो. दाराचं रबर फाटलं, कुणी बदललं नाही.

यंदाच्या पावसाळ्यात वडिलांच्या आजारपणामुळे ताई गावी गेल्या आणि इकडे माझा गॅस गळून गेला. पंखा फिरत होता, बाहेरचा दिवा लागत होता, गारवा मात्र उरला नव्हता. ताईंच्या हाताखाली संशोधन करणारी चिन्मयी रोज येई, माझी घरघर ऐके आणि फोनवर सांगे, "मॅडम, फ्रीज पक्का चालू आहे. तुम्ही बाबांकडे बघा."

मी आतल्या आत तडफडत होतो. माझीच घरघर मला वैरीण वाटू लागली. पण सांगू कसं?

ताई परतल्या, त्यांनी दार उघडलं आणि कोंदट वाफ त्यांच्या तोंडावर आली. कागदी पाकिटं ओलसर, काहींवर बुरशी. चिन्मयीला रडू कोसळलं. "मॅडम, मी आत बघायला हवं होतं."

"रडून बी उगवणार आहे का? ओले कागद आण. सगळंच लावून बघू."

बिया ओल्या कागदांत गुंडाळून ठेवल्या. काही दिवसांनी ताई एकेक गुंडाळी उघडू लागल्या. कुजलेलं. पुन्हा कुजलेलं. माझी मोटर चालू असती तर तीही थांबली असती. आणि मग एका गुंडाळीत कोंबच कोंब!

"अगं, हा वाण सगळं सोसून उगवलाय!" ताईंनी गुंडाळी चिन्मयीपुढे धरली. "इतकी वर्षं गारव्यात जपलं, मग याची ताकद कळणार कशी?"

तो वाण आता वाफ्यात वाढतो आहे. एका परीक्षेवर भरवसा नको, म्हणून ताई त्याला पुन्हा पुन्हा पारखणार आहेत. मलाही दुरुस्त केलं. पण मेलेल्या वाणांचे रिकामे कप्पे मला अजून स्वस्थ बसू देत नाहीत. त्यांतही किती मेहनत होती!

मित्रांनो, यंत्र असो की माणूस, रोजच्यासारखा आवाज येतोय म्हणून सारं ठीक आहे असं धरून चालू नका. कधीतरी दार उघडा, आत हात घालून बघा.